दहा रॉड जमीन आणि एक सही

लंडनच्या वायव्येकडच्या एका उपनगरात माझ्या मावशीचा अडीच गुंठ्यांचा प्लॉट आहे. प्लॉट म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला एनए, बिल्डर आणि रेडीरेकनर आठवतो. हा तसला नाही. जमीन काउन्सिलची, घरापुरती भाजी पिकवायला वार्षिक भाड्यानं दिलेली. तिकडे याला अलॉटमेंट म्हणतात. मोजमाप अजूनही जुन्या रॉडमध्ये चालतं. पूर्ण प्लॉट दहा रॉडांचा, म्हणजे साधारण अडीचशे चौरस मीटर. भाजी लावा, फळझाडं लावा, 1950 च्या कायद्यानं कोंबड्या आणि ससेही पाळा. मात्र कोंबडा नको आणि धंदा नको.

या अलॉटमेंटच्या रस्त्याकडच्या पट्ट्यावर आता काउन्सिलला घरं बांधायची आहेत. प्लॉटवाल्यांनी 'बागा वाचवा' म्हणून मोहीम उघडली आहे आणि मावशी तिच्या समितीत आहे. ऑक्टोबरातल्या एका रविवारी तिनं सह्यांचा कागद जावयापुढे धरला. जावई एका गृहनिर्माण संस्थेत कामाला, बेघर कुटुंबांना घरं मिळवून देण्याच्या खात्यात. त्यांनी कागद वाचला आणि परत दिला. सासूला तोंडावर नाही म्हणणारा जावई मी तरी प्रथमच पाहिला. मला हिरवे राहिलेले टोमॅटो चटणीसाठी खुडायला बसवलं होतं, त्यामुळे सगळं नीट ऐकता आलं.

मावशी : सहीच मागितली, किडनी नाही मागितली.

जावई : आई, किडनीचा विचार केला असता. या कागदावर 'एक इंचही देणार नाही' लिहिलंय. ते मला जमायचं नाही. इंग्लंडमध्ये आज एक लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात राहतात. तात्पुरत्या म्हणजे कधी कधी वर्षानुवर्षं. परवा एका बाईकडे गेलो होतो. दोन मुलं, हॉटेलची एक खोली. दिवा लावला की धाकटा उठतो, म्हणून थोरली कमोडचं झाकण पाडून त्यावर बसते आणि मांडीवर वही धरून गृहपाठ करते. तिला काय सांगू? तुझ्या घराच्या जागेवर आमच्या सासूबाईंची मेथी आहे?

मावशी : मेथीला मधे आणू नका. आणि ही जमीन काउन्सिलच्या नावावर असली तरी काउन्सिलची मालमत्ता म्हणून फुंकायला नाही. 1925 चा कायदा, कलम आठ. अलॉटमेंटसाठी म्हणून घेतलेली जमीन मंत्र्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. आणि आमची जमीन अलॉटमेंटसाठीच घेतलेली आहे, तसा कागद मी काढलाय.

(हा कागद काढण्याची कथा तिनं मला आदल्या रात्री सांगितली होती. मोहिमेचं खरं काम घोषणांपेक्षा दप्तरात जास्त असतं. काउन्सिलनं जमीन मुळात कशासाठी घेतली यावर सगळं अवलंबून. अलॉटमेंटसाठीच घेतली असेल तर कायद्याचं कवच आहे. स्मशानासाठी किंवा शाळेसाठी घेऊन मधल्या काळात भाजीला दिली असेल तर ती 'तात्पुरती' ठरते, मग पन्नास वर्षं कसलेली असली तरी कवच नाही. मावशी आणि एक निवृत्त पोस्टमन अभिलेखागारात बसून सभांच्या जुन्या इतिवृत्तांची पानं उलटत होते. साहेबाच्या देशात जाऊनही बाईला शेवटी सात-बारा आणि फेरफारच काढावे लागले.)

जावई : कागद छान आहे. पण कायदा मंत्र्याची सही मागतो, विकूच नका म्हणत नाही. लेबर सरकार आल्यावर पहिल्या वर्षभरात तेव्हाच्या मंत्री अँजेला रेनर यांनी आठ ठिकाणच्या विक्रीला मंजुरी दिली. 2025 च्या ऑगस्टमध्ये केवढी आरडाओरड झाली! डाव्या जेरेमी कॉर्बिन यांनी त्यावर लेख लिहिला, तोही उजव्या टेलिग्राफमध्ये. कॉर्बिन आणि टेलिग्राफ ज्या विषयावर एका पानावर येतात, तो विषय गरिबांचा असेलच असं नाही.

मावशी : कॉर्बिन स्वतः प्लॉट कसतात. टेलिग्राफचं मला माहीत नाही.

जावई : आणि मंजुरी अशीच मिळत नाही. पर्यायी जागा द्यावी लागते, प्रतीक्षायादीत किती लोक आहेत ते बघावं लागतं. निकष आहेत.

मावशी : वॉटफर्डला निकष होते ना?

इथून ती खाली बसली. मावशी उभ्यानं भांडते तेव्हा भांडण लवकर संपतं, खुरपं बाजूला ठेवून उलट्या बादलीवर बसली की समजावं, आता लांबणार.

मावशी : फार्म टेरेस. वॉटफर्डच्या हॉस्पिटलला लागून, फुटबॉलच्या मैदानाच्या पलीकडे. 1896 पासूनच्या अलॉटमेंट. काउन्सिलला तिथं 'हेल्थ कॅम्पस' करायचा होता, म्हणजे हॉस्पिटलचा विस्तार, घरं, दुकानं, सगळं एका पिशवीत. 2013 मध्ये मंत्री एरिक पिकल्स यांनी परवानगी दिली. प्लॉटवाले कोर्टात गेले. परवानगी रद्द. त्याच वर्षी पुन्हा दिली. पुन्हा कोर्ट, पुन्हा रद्द. भाजी लावणारी माणसं हो ही! वर्गण्या काढून वकील लावला. तिसऱ्यांदा परवानगी आली तेव्हा मात्र 2016 च्या नोव्हेंबरात हायकोर्टानं ती उचलून धरली. लोकहित इतकं मोठं, की परिस्थिती अपवादात्मक आहे, असं म्हणून.

जावई : मग? हॉस्पिटल हे लोकहित नाही? आई, मला तर तो निकाल पटतो. एका बाजूला काही डझन माणसांचे वाटाणे, दुसऱ्या बाजूला साऱ्या परिसराचं हॉस्पिटल.

मावशी : कुठंय हॉस्पिटल?

जावई गप्प.

मावशी : नाही, सांगा ना. कुठंय? 2025 च्या जानेवारीत सरकारनं नव्या हॉस्पिटलांचं वेळापत्रक जाहीर केलं. वॉटफर्डचं बांधकाम 2030 च्या पुढे ढकललं. निकाल 2016 चा. म्हणजे वाटाणे गेले आणि हॉस्पिटलही नाही. हॉस्पिटल आलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, देवाला वाहिलं. पण बाग घालवायची तारीख पक्की असते आणि जे त्या बदल्यात यायचं त्याची तारीख नेहमी सरकते. सह्या गोळा करायला लागल्यापासून मला एवढं एकच कळलंय.

मी टोमॅटो खुडायचा थांबलो होतो. मावशीनं मुद्दा जिंकला होता हे जावयाच्या चेहऱ्यावरही दिसत होतं. पण ते हार मानायला तयार नव्हते, आणि त्यांनी जे उत्तर काढलं ते मला कायद्याच्या कलमांपेक्षा अवघड वाटलं.

जावई : सरकारनं दगा दिला म्हणून तुमचा हक्क सिद्ध होत नाही. मला एक सांगा, ही जमीन नक्की कुणाची?

मावशी : लोकांची. ऐका, तुम्ही इथं जन्मलात तरी तुम्हाला शाळेत हे शिकवलेलं दिसत नाही. या देशात गावागावांत सामायिक कुरणं होती. गुरं चारा, सरपण आणा. जमीनदारांनी पार्लमेंटातून एकेक कायदा करून घेतला आणि ती कुंपणात घातली. शंभर-दीडशे वर्षं हेच चाललं. त्याच्याही आधी, 1649 मध्ये सरेच्या सेंट जॉर्जेस हिलवर जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याची माणसं पडीक जमीन खणायला बसली, गाजरं-बीन्स लावायला. हाकलून दिलं. आज त्या टेकडीवर काय आहे माहीत आहे? खाजगी वसाहत आणि गोल्फ कोर्स. मग कुठे 1845 च्या कायद्यानं कबूल केलं, की जमिनी कुंपणात घालताना मजुराला भाजीपुरता तुकडा तरी ठेवा. 1887, 1908 चे कायदे त्यानंतर. सहा मतदारांनी लेखी मागणी केली तर काउन्सिलला त्याचा विचार करावाच लागतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पंधरा लाख प्लॉट होते. दुसऱ्या युद्धात टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात भाजी लावली होती. आज तीन लाखांच्या आसपास उरलेत. आमच्या एका पट्ट्याचा प्रश्न नाही हा.

जावई : बरोबर. मजुराला तुकडा ठेवा. आता उठा आणि मला इथला मजूर दाखवा. डाव्या हाताला निवृत्त वैमानिक. त्याच्या पलीकडे दाताच्या डॉक्टरीणबाई, उन्हाळ्यात डोर्सेटला असतात, गवत कमरेएवढं होतं. तुमच्या मागे —

मावशी : माझ्या मागे जमैकाचे आजोबा आहेत, तीस वर्षं बस चालवली त्यांनी. त्यांची कलालूची पालेभाजी आणि माझा माठ एकाच वाफ्यातल्या बियांवर आलाय. मी त्यांना बी दिलं, त्यांनी मला रुबार्बचा कंद दिला. रुबार्बचं काय करतात मला अजून कळलेलं नाही, पण तो मुद्दा नाही.

जावई : आजोबा एक. आणि प्रतीक्षायादीत किती? तुम्हाला प्लॉट मिळाला तेव्हा महिन्याभरात मिळाला. आज नाव घातलं तर वर्षं जातात. बागेच्या अभावी ज्यांचा जीव घुसमटतो ते सगळे फाटकाबाहेर, आणि फाटकाला कुलूप. पुण्यात वेताळ टेकडीसाठी लोक रस्त्यावर उतरले, तुम्ही मला बातम्या पाठवत होता. टेकडीला कुलूप नसतं, आई. कुणीही पहाटे जातो. इथं किल्ली लागते आणि किल्ली तुमच्या पर्समध्ये असते. कुरण कुंपणात गेलं म्हणून रडता, तर हेही कुंपणच आहे.

हे मात्र लागलं. मावशी काही बोलली नाही. उठून तिनं टबातलं अळू शेडमध्ये सरकवलं. थंडीत बाहेर राहिलं तर कंद कुजतो, म्हणून ते टबात लावतात आणि ऑक्टोबरात आत घेतात. परत आली ती जरा वेगळ्या आवाजात.

मावशी : कुलूप चोऱ्या होतात म्हणून आहे.

जावई : माहीत आहे. मॅनॉर गार्डनचं प्रकरण आठवतं? हॅकनी विकला. आर्थर व्हिलियर्स नावाच्या बँकवाल्या मेजरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या गरीब वस्तीसाठी काढलेल्या बागा. 2012 च्या ऑलिंपिकसाठी 2007 मध्ये उठवल्या. मोहीम जोरात झाली, तुमच्यासारखीच. शेवटी त्यांना लेटनला मार्श लेनवर जागा दिली. तिथं काय झालं? तिथले लोक विरोधात उभे राहिले. कारण ती जुनी सामायिक चराऊ जमीन, सगळ्यांना मोकळी, आणि आता तिच्यावर कुंपण घालून प्लॉट पाडणार. बागा वाचवणारे तिथं बघता बघता कुंपणवाले झाले. मला त्यांचा राग नाही. पण ज्याची जागा जाते तो दुसऱ्या कुणाची तरी जागा घेतो, हे तुमच्या पत्रकात कुठेच नाही.

मावशी : त्यांना परत आणायचं वचन दिलं होतं ऑलिंपिकवाल्यांनी. पुडिंग मिलला जागा मिळाली ती 2016 ला. नऊ वर्षांनी. म्हाताऱ्या माणसाला नऊ वर्षांनी बाग देता? आणि 'पर्यायी जागा' म्हणजे काय ते इकडे या, दाखवते.

तिनं कुदळ घातली. वरची वीतभर माती काळी, भुसभुशीत, तिच्यात गांडुळं आणि अंड्याच्या टरफलांचे पांढरे कण. त्याखाली एकदम पिवळसर निळी चिकणमाती, लंडनची. पावसात लोणी, उन्हात वीट. मावशीनं दोन्हींचे गोळे करून जावयाच्या दोन तळहातांवर ठेवले. खालचा गोळा तसाच राहिला, वरचा बोटांतून सांडला.

मावशी : ही वरची मी केलीय. वीस वर्षांचा चहाचा चोथा, भाजीची देठं, तबेल्यातलं घोड्याचं शेणखत. खालची देवानं दिलेली. काउन्सिल मला पर्याय म्हणून खालची देणार.

जावई : (हात झटकत) हे मान्य. पण यावर मुलीला झोपवता येत नाही.

माझं मत विचारलं नव्हतं, पण लेख माझा आहे म्हणून सांगतो. कायद्याच्या बाजूनं मावशी बरोबर आहे, आणि इतिहासाच्या बाजूनं तर आहेच. पण जी मोहीम फक्त 'आमचं आहे तसं ठेवा' म्हणते तिच्याबद्दल फाटकाबाहेरच्या माणसाला काही का वाटावं, याचं उत्तर समितीकडे नव्हतं. सह्या शेजारपाजारच्यांनी भराभर केल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घराच्या खिडक्या या बागेवर उघडतात आणि तिथं इमारत झाली तर घराची किंमत उतरते, हेही त्या सह्यांत होतं. मावशीला ते ठाऊक होतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही एवढंच.

तिनं उलट जावयालाच पकडलं.

मावशी : बरं. समजा दिला पट्टा. त्यावर घरं झाली. त्यातलं एक तरी त्या मुलीला मिळेल?

जावई : कागदावर ठरावीक टक्के परवडणारी घरं असतात.

मावशी : कागदावर. तुम्हीच गेल्या दिवाळीत जेवताना सांगत होता. बिल्डर आधी टक्के कबूल करतो, मग खर्चाचा हिशेब मांडतो, म्हणतो एवढ्यात परवडत नाही, आणि काउन्सिल टक्के उतरवून देतं. त्या दिवशी तुमचं जेवणात लक्ष नव्हतं.

जावई : (थोड्या वेळानं) हो. होतं तसं. आणि 'परवडणारं' म्हणजे बाजारभावाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत भाडं. आमच्या हॉटेलातल्या बाईला तेही परवडत नाही. तिला काउन्सिलचं खरं घर लागतं, सामाजिक भाड्याचं.

मावशी : मग माझी काळी माती बिल्डरला का देऊ?

जावई : बिल्डरला देऊच नका. पण पत्रकात हे लिहा ना! 'एक इंच नाही' ऐवजी लिहा, की पट्टा हवा असेल तर तो काउन्सिलनं स्वतः बांधायच्या सामाजिक भाड्याच्या घरांसाठीच, आणि करार आधी दाखवा. मी सही करतो. चार जणांच्या आणतो.

मावशी : समिती मारेल मला. पट्टा द्यायची तयारी दाखवली की ते सबंध जमीन मागतात. वॉटफर्डच्या लोकांनी हेच सांगितलं असतं. पट्ट्याचं मी लिहिणार नाही, साफ सांगते.

जावई : ठीक. मग दुसरी बाजू लिहा. पट्टा देत नाही, पण आम्ही आत जागा करतो. दहा रॉडांचे पाच-पाच करा. बऱ्याच काउन्सिलांत आता प्लॉट रिकामा झाला की अर्धे करूनच देतात. तुम्ही रिकामा व्हायची वाट न बघता करा. डॉक्टरीणबाईंच्या गवतापासून सुरुवात करा. काही अर्धे प्लॉट हॉटेलमधल्या कुटुंबांना द्या, मी माणसं आणून देतो. शनिवारी फाटक उघडं ठेवा. मग मंत्र्याच्या टेबलावर फाइल गेली की प्रतीक्षायादीचा निकषही तुमच्या बाजूनं बोलेल, आणि मला त्या बाईला तोंड दाखवता येईल.

मावशी : हॉटेलातल्या बाईला घर हवंय आणि तुम्ही तिला वाटाणे देताय.

जावई : घर मी तिला इथून देऊ शकत नाही, हे तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत. मुलीला कमोडवरून उठवून दोन तास उघड्यावर तरी आणता येईल. थोडं आहे, माहीत आहे मला.

मावशीनं कागद उलटा केला, मागची कोरी बाजू वर. चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता.

मावशी : समितीपुढे गुरुवारी मांडते. वैमानिक ऐकणार नाही. चाळीस वर्षं त्याला कुणी अर्धं काही दिलेलं नाही.

जावई : त्याला नंतर बघू. आधी कुणाचा प्लॉट अर्धा होतोय ते लिहावं लागेल. नाहीतर म्हणतील, सांगणारी बाई स्वतः दहा रॉडांवर बसलीय.

मावशी : म्हणजे माझा.

जावई : मी काही म्हटलं नाही.

मावशी : तुम्ही कधीच काही म्हणत नाही. (लिहिता लिहिता) लिहिते. प्लॉट अर्धा, पाच रॉड. पण पाण्याच्या टाकीकडची बाजू माझी राहील, आणि घोड्याच्या खताचा ढीग कुणी वाटून मागायचा नाही.